मोसंबीच्या सालीची रूह

माझ्या तोंडानं मी एकदा माझ्याच नवऱ्याला मारलं. हसण्यावारी नेऊ नका, खरंच सांगून राह्यले. एका शब्दापायी झालं, आणि तो शब्द मी मागच्या अंगणात उभी राहून भिंतीवरून चांगला खणखणीत विचारला होता. आजही माझी नात फसफस करून अंगावर सेंट मारते तवा त्या वासानं मला तो दिवस आठवतो आणि मी तिच्यावर उगाच खेकसते. तिला वाटतं, म्हातारीला नवं काही खपत न्हाई.

जर्मनच्या लढाईचे दिवस होते. आम्ही जुन्या जालन्यात राहायचो, दोन खोल्या आणि मागं अंगण. हे कचेरीत कारकून. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सासर मंठ्याकडच्या एका खेड्यात, शेतीवाल्यांचं. तिथं सासरे आणि धाकले दीर शेत बघायचे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे आणि सासूला आत्याबाई. मामाजी घरात आले की माझा पदर भुवईच्या खाली यायचा आणि नजर त्यांच्या जोड्यांवर. दीड वर्षात त्यांनी माझं तोंड धड बघितलं न्हवतं, की मी त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोलले न्हवते. तशी रीतच होती, आणि खरं सांगते, मला ती बरी वाटायची. बोलायचंच न्हाई म्हटल्यावर चुकायचीही भीती न्हाई.

उन्हाळा लागता लागता ह्यांना ताप आला. पहिले चार दिवस साधा वाटला. मंग डॉक्टरनं पोट दाबून, जीभ बघून सांगितलं, मुदतीचा आहे, एकवीस दिवस काढायचे. त्या काळी त्या तापावर औषध असं न्हवतंच. दिवस भरले की ताप जायचा, न्हाईतर माणसाला घेऊन जायचा. आत्याबाई गावाकडून धावत आल्या आणि ह्यांच्या उशाशी बसल्या त्या बसल्याच.

डॉक्टर सरकारी दवाखान्याचे, म्हातारे, बोलायला खडूस, पण रोज नदी ओलांडून नव्या जालन्यातून घरी यायचे. त्यांनी बजावलं, अन्न बिलकुल न्हाई, नुसता मोसंबीचा रस. ताप एकशे चारच्या वर चढला तर कपाळावर पट्ट्या. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "तिसऱ्या आठवड्यात ह्याचं आतडं भिजल्या कागदासारखं होणार. ह्याला उठू द्यायचं न्हाई, दचकू द्यायचं न्हाई. झटक्यानं उठून बसला तर आतल्या आत फाटंल. मंग मला बोलवायची तसदी घेऊ नका."

ते 'आतल्या आत फाटंल' माझ्या डोक्यात जाऊन बसलं. बाहेर कुणाच्या हातून तांब्या पडला तरी मी पलंगाकडं धावायचे. कडीला मी चिंधी गुंडाळली. जोडवी काढायची सोय न्हवती, म्हणून टाचेवर चालायला शिकले.

पट्ट्यांचा मात्र घोळ झाला. आत्याबाईंचं ठाम मत, तापकऱ्याला पाणी लागलं की सन्निपात होतो. त्यांचा एक भाऊ तसाच गेल्ता म्हणे. मी ओलं फडकं हातात घेतलं की त्या माझं मनगट धरायच्या. डॉक्टरनं ते बघितलं, डोकं खाजवलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, कोलनवॉटर, म्हंजे स्पिरिटातलं विलायती वासाचं पाणी. "हे पाणी न्हाई माय, दवा आहे. विलायती दवा. ह्याच्या पट्ट्या ठेवा." दवा म्हटल्यावर आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं.

पण ते आणायचं कुठून? लढाईच्या आधी नव्या जालन्यातल्या एक-दोन दुकानांत त्या बाटल्या मिळायच्या. आता एकाकडंही न्हवती. दुकानदार म्हणाला, "बाई, लढाई संपू द्या, मंग बघू." म्हंजे आमच्या ह्यांच्या तापानं लढाई संपायची वाट बघायची. मी त्याला काय बोलले ते इथं सांगत न्हाई.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरला सांगितलं तर ते म्हणाले, "मिळत न्हाई तर बनवा. स्पिरिट मी दवाखान्यातून देतो. त्यात टाकायला लिंबू-संत्र्याच्या जातीचं तेल पाहिजे, सालीतून काढलेलं. तुमच्या मागच्या भिंतीला अत्तारवाला राहतो न्हाई का?"

राहायचा. चाचा आणि चाची. दोघांत एक खांद्याएवढी भिंत. चाची आणि मी त्या भिंतीवरून रोज बोलायचो, कधी तिची चटणी इकडं यायची, कधी माझी भाकर तिकडं जायची. आत्याबाईंना हे फारसं पसंत न्हवतं, म्हणून त्या आल्या की ताटल्या फिरायच्या बंद व्हायच्या, बोलणं मात्र चालूच. चाचा उन्हाळ्यात खस आणि गुलाब काढायचे. अंगणात चुलीवर तांब्याची मोठी देग, तिच्या तोंडाला कणकेचा लेप, त्यातून निघालेली बांबूची नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला गार पाण्यात ठेवलेलं भांडं. वाफ नळीतून त्या भांड्यात उतरायची आणि तिथं तिचं पाणी व्हायचं. पाण्यावर तेलाचा पातळ पापुद्रा तरंगायचा. तो चाचा पिसानं उचलायचे.

चाचांना मी डॉक्टरचं म्हणणं सांगितलं, तर म्हणाले, "मोसंबी रोज पिळती ना बेटी? साली फेकू नक्को. मैं उसकी रूह निकालता."

रूह म्हंजे जीव, आत्मा. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण अत्तारवाल्यांच्या बोलीत रूह म्हंजे फुलातलं, सालीतलं निव्वळ तेल, दुसरं काही न मिसळलेलं. खसची रूह, गुलाबाची रूह. मला चाचीच्या शेजारामुळं हा शब्द इतका तोंडात बसलेला होता की त्याचा दुसरा अर्थ आहे हे माझ्या ध्यानातही राहत न्हवतं. तिथंच मी चुकले.

साली होत्या ढीगभर, पण आत्याबाईंनी उटण्यासाठी उन्हात वाळत घातलेल्या. वाळलेल्या सालीत काही उरत न्हाई, चाचांनी चुरगाळून वास घेतला आणि टाकून दिल्या. मंग ताज्या हव्यात म्हणून मी स्टेशनाजवळच्या शरबतवाल्याकडून टोपलंभर आणल्या. त्यांचा वरचा पिवळा भाग किसणीवर अलगद किसून काढायचा, खालचा पांढरा मगज बिलकुल येऊ द्यायचा न्हाई, असं चाचीनं सांगितलं होतं. मी किसायला बसले आणि आत हे कण्हायला लागले. माझा हात जल्दी चालायला लागला. पांढरं, पिवळं, नखं, सगळंच त्यात गेलं. तो मगज देगीच्या बुडाला लागला आणि करपला. चाचांनी देग उघडली तर सगळ्या गल्लीत जळका वास. त्यांनी मला नुसतं काळं बूड दाखवलं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो सोळावा दिवस होता. मी चाचीच्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडले, आणि ती मला थोपटत म्हणत होती, "रोना नक्को, सब्र कर, फिरसे करते."

अठराव्या दिवशी दुसरी खेप लागली. ह्या वेळी एकेक साल मी अशी किसली की बाळाची नखं काढावीत. सकाळपासून चूल मंद चालू होती. इकडं ताप एकशे साडेचार. हे डोळे अर्धे मिटून चादरीचे काठ चिमटून राह्यले होते आणि कचेरीतल्या कुठल्यातरी कागदाबद्दल पुटपुटत होते. मी पलंगापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून पलंगापर्यंत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आत्याबाईंचा धीर सुटला होता. त्या अंगणात निंबाच्या सावलीला डोकं हातांत धरून बसल्या होत्या आणि सकाळपासून रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. दुपारचा एक वाजला असंल. मला राहवलं न्हाई. भिंतीपाशी गेले आणि मोठ्यानं विचारलं, "चाची, रूह निकली क्या?"

तिकडून चाची तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली, "हौ बेटी, निकल गई. आधा घंटा हो गया. अब रोने का नक्को, सब्र कर."

मला इतका आनंद झाला की मी मागच्या बोळाकडं बघितलंही न्हाई. बघितलं असतं तर दिसलं असतं. आमचा सालगडी तिथं अर्ध्या उघड्या दारात उभा होता. मामाजींनी त्याला तब्येत विचारायला पाठवलं होतं, तो सकाळच्या मोटारीनं आल्ता आणि बाईमाणसांचं घर म्हणून मागच्या दारानं येऊन राह्यला होता. त्यानं काय बघितलं? थोरली मालकीण डोकं धरून बसलेली. काय ऐकलं? धाकली मालकीण विचारती जीव गेला का, आणि शेजारीण म्हणती गेला, अर्धा तास झाला, आता रडू नको. झाला ध चा मा. तो मला पुढं म्हणाला, "माय, मला वाटलं, तुम्हाला खरं वाटून न्हवतं राह्यलं, म्हणून इचारून राह्यल्या." दोन वाजता परतीची मोटार होती. बापाला मातीला तरी पोचता यावं म्हणून तो इमानी माणूस तसाच उलटा पळाला. पाण्याचा घोटही घेतला न्हाई.

मी इकडं बाटलीत दंग. चाचांनी ते थेंब शिंपल्यात आणून दिले, त्यात थोडं लिंबाच्या सालीचं आणि एक-दोन थेंब रोशा गवताचं तेल, त्यांच्या मनानं. मी स्पिरिटात एकेक थेंब सोडला आणि बाटली हलवत राह्यले. मंग पट्टीपुरतं वाडग्यात काढून त्यात गार पाणी घातलं, तर सगळं एकदम दुधाळ झालं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवसांची मेहनत, आणि हे ताक. वाडगं घेऊन भिंतीपाशी पळाले. चाची हसायला लागली. पाणी पडलं की तेल असंच पांढरं दिसतं, गुण कमी होत न्हाई, लाव जल्दी.

पहिली पट्टी आत्याबाईंनी स्वतः ठेवली. दवा होती ना. दर पाच मिनिटांनी बदलायची. दोन तासांनी ताप एकशे तीन, दिवस कलायच्या आत एकशे दोन. ह्यांनी डोळे उघडले, नाक फुलवलं आणि बारीक आवाजात विचारलं, "कुणाचं लग्न आहे?" अठरा दिवसांत मी पहिल्यांदा हसले. आत्याबाईही हसल्या, आणि मंग पुन्हा रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी बदलून बाटलीला बूच लावत होते, तवा गल्लीच्या तोंडाशी हेल काढून रडणं ऐकू आलं. कुणीतरी गेलं वाटतं, असं माझ्या मनात आलं. मंग आवाज जवळ आला आणि ओळखीचा निघाला. माझ्या आत्तेसासूचा. "माझ्या भावाच्या घराचा दिवा विझला गं माय" असं म्हणत होती. रातभर हाकलेल्या दोन बैलगाड्यांची चाकं आमच्या दारासमोर थांबली. त्या भावाला दिवे दोनच होते, आणि त्यातला एक माझ्यासमोर झोपलेला होता.

मला काही कळालं न्हाई, पण एवढं कळालं की हे आवाज आत आले तर हे दचकून उठणार. एकोणिसावा दिवस. भिजला कागद. मी आत्याबाईंना म्हटलं, "खांदे दाबून धरा, उठू देऊ नका," आणि हातात बाटली तशीच घेऊन बाहेर पळाले. दार मागं ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभी राह्यले.

गल्ली भरली होती. दहा-बारा माणसं. पुढं मामाजी, दोघांनी दंडाला धरलेले, पायात जोडे न्हाईत. त्यांच्या मागं धाकले दीर. डोकं तासलेलं, मिशा काढलेल्या. अग्नी देणारे तेच, पोचल्यावर खोळंबा व्हायला नको म्हणून रस्त्यातच नदीवर केस उतरवून आल्ते. ते डोकं मी बघितलं. हे माझ्या माणसासाठी आहे, जित्या माणसासाठी, हे मला त्या क्षणी कळालं. आणि बायका दाराकडं निघाल्या होत्या.

ओरडायची सोय न्हवती. मी ओरडले असते तर तेच झालं असतं जे टाळायचं होतं. आणि हळू बोलले असते तर त्या रडारडीत कुणाला ऐकू आलं असतं? मंग मी ते केलं जे आमच्या घरात कुण्या सुनेनं केलं न्हवतं. डोक्यावरचा पदर धरला आणि खांद्यावर ओढून टाकला. गल्लीत, सासऱ्यासमोर, पुरुषांसमोर, उघड्या डोक्यानं तोंड वर करून उभी राह्यले. सकाळी लावलेलं कुंकू माझ्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं होतं.

आधी आत्तेसासूनं बघितलं. तिचा हेल अर्ध्यातच राह्यला. मंग एकेक आवाज बंद होत गेला. मामाजींनी मान वर केली. ते कपाळाकडं बघत राह्यले, किती वेळ ते मला सांगता येणार न्हाई. मी त्यांच्याशी जन्मातलं पहिलं वाक्य बोलले. "मामाजी, आवाज करू नका. ते झोपले आहेत, ताप उतरून राह्यला."

मामाजी तिथंच धुळीत बसले. तोंडात फेट्याचं टोक कोंबलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले, पण आवाज म्हणून आला न्हाई. मला त्यांची इतकी दया आली, आणि इतकी भीती वाटली, आणि कुणाला तरी धरून बडवावं असंही वाटलं.

आतून ह्यांचा आवाज आला, "कोण रडून राह्यलं?" मी आत गेले. आत्याबाई त्यांचे खांदे धरून बसल्या होत्या. नणंदेचा आवाज त्यांनीही ओळखला होता. पदर तोंडात घातलेला, डोळे वटारलेले. मी बाटलीचं बूच काढलं, पट्टी भिजवली आणि म्हटलं, "लग्न आहे गल्लीत. पोरीची पाठवणी चालू आहे."

"म्हटलं न्हवतं मी?" हे म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

पाव्हणे दिवसभर चाचांच्या अंगणात बसून राह्यले, आमच्याकडं आवाज नको म्हणून. तिथं चुलीपाशी सगळा उलगडा झाला. चाचा बिचारे हात जोडून सांगत होते, हुजूर, आमच्या धंद्यात तेलालाच रूह म्हणतात. सालगडी गाडीच्या मागं तोंड लपवून बसला होता. मामाजी शेवटी म्हणाले, "मंग ती रूह दाखवा मला." चाचांनी शिंपला दिला, त्याला वासच तेवढा उरला होता. मामाजींनी तो नाकाशी धरला, आणि गड्याला बोलावून त्याच्या हातात दिला.

ताप एकविसाव्या दिवशी गेला. दिरांनी महिनाभर भावाला तोंड दाखवलं न्हाई. मिशांशिवाय कसे जाणार? हे चांगले हिंडायला लागले तवा सगळं सांगितलं, तर हसून हसून पोट धरलं. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं म्हणतात. जो तो मला तेच ऐकवायचा, जसं काही मी मुद्दाम उठवली होती.

डॉक्टरचा हिशेब मात्र मी कधी माफ केला न्हाई. शेवटच्या दिवशी ते हात धुताना म्हणाले, "नुसत्या गार पाण्याच्या पट्ट्यांनीही हेच झालं असतं. पण तुमच्या सासूबाई पाणी लावू देत न्हवत्या, मी तरी काय करू?" करपलेली देग, गल्लीतल्या त्या गाड्या, दिराचं डोकं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी त्यांना चहा विचारला न्हाई. आजही मला त्याचं वाईट वाटत न्हाई.

आयुष्य खरंच वाढलं. आमची लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली, निजामाचं राज्य गेलं, हे पेन्शनीत निघाले. मंग एका सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता गेले. गावाकडं निरोप गेला. दीर तवा सत्तरीला टेकले होते. न्हावी दारात येऊन बसला तर त्याला म्हणाले, डोळ्यानं बघितल्याशिवाय वस्तऱ्याला हात लावू देणार न्हाई. डोक्यावर पांढरे केस, पांढऱ्या मिशा, तसेच निघाले.

ते दारात आले आणि थांबले. आत बघितलं न्हाई. आधी माझ्या कपाळाकडं बघितलं. मी कुंकू पुसलं न्हवतं, माझा हातच वळला न्हवता. त्यांचं तोंड एकदम उजळलं. एवढा म्हातारा माणूस, ओठ हलले, हसणारच होता.

मी पदर भुवईखाली ओढून घेतला. भाऊजी उंबऱ्यावर बसले.